आवाज आमचा, गोष्ट तुमची: पिक्चर लिहिणाऱ्यांना झाडीपट्टीतून खुलं पत्र

समस्त लेखक-दिग्दर्शक मंडळींना नमस्कार,

मुंबई-पुण्यात बसून जे कोणी हिंदी-मराठी पिक्चर अन् वेबसिरीज लिहून राहिले त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. मी ब्रह्मपुरीकडचा, झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातला माणूस. आमच्या इकडे थेटर जवळ नाही पण मोबाईल सगळ्यांजवळ आहे, त्यामुळं हॉलिवूड हिंदीत डब झालेलं, साऊथचं, तुमचं, सगळंच आम्ही पाहतो अन् मन लावून पाहतो. एक सवाल बऱ्याच दिवसांपासून डोक्यात आहे तो सरळ विचारून टाकतो. तुमच्या पिक्चरमधला काळा, गरीब, दलित, आदिवासी माणूस तोंड उघडतो तेव्हा तो दरवेळी दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट काहून सांगत असतो?

आधी अमेरिकेचं सांगतो, कारण तिथं हे एकदम उघडं दिसते अन् आपल्याकडचे बरेच लोक स्क्रिप्ट लिहिणं तिथल्याच पिक्चरवरून शिकतात. 'द शॉशँक रिडेम्प्शन', 1994 चा, तुमच्यापैकी अर्ध्या लोकांचा सगळ्यात आवडता पिक्चर असेल, माझाही आहे. मॉर्गन फ्रीमनचा आवाज काय आहे बाप्पा, नुसता ऐकत राहावा. पण एकदा फक्त त्यानं केलेल्या रेडकडं, त्या काळ्या कैद्याकडं, लक्ष ठेवून पाहा. अँडीचं, बायकोच्या खुनासाठी जेलात आलेल्या गोऱ्या हिरोचं, आपल्याला सगळं माहीत होते, बायको कोण, ती कोणासोबत होती, त्या रात्री तो दारू पिऊन पिस्तूल घेऊन गाडीत कसा बसला होता, पहिल्याच सीनपासून. रेडनं खून केला एवढं तो स्वतः सांगतो, पण कोणाचा केला, काहून केला, त्याची माय कोण, त्याचं गाव कोणतं, हे पिक्चर संपेपर्यंत समजत नाही. 1947 पासून पुढची वीस वर्षं अमेरिकेच्या जेलात एक काळा माणूस राहतो अन् त्याच्या रंगावरून कोणी त्याला एक शब्द बोलत नाही. स्टीफन किंगच्या मूळ गोष्टीत हा रेड लाल केसांचा आयरिश गोरा होता अन् तिथं त्याचा गुन्हा व्यवस्थित सांगितलेला आहे. पडद्यावर तो काळा झाला अन् त्याचा भूतकाळ गळून गेला. पॅरोल बोर्डासमोरचे त्याचे सीन जबरदस्त आहेत, खरं म्हणजे आतून बदलतो तो रेडच, हे मला मान्य आहे. पण त्याच्या आवाजाचं मुख्य काम काय, तर अँडी किती वेगळा माणूस होता ते आपल्याला सांगणं.

त्याच दिग्दर्शकानं, फ्रँक डॅराबाँटनं, पाच वर्षांनी 'द ग्रीन माइल' केला. परत स्टीफन किंग, परत जेल. यावेळी सांगणारा गोरा जेलर आहे अन् ज्याच्याबद्दल सांगायचं तो काळा, जॉन कॉफी, धिप्पाड, लहान पोरासारखा भोळा, हात लावला की रोग बरा करणारा. जेलरचं लघवीचं इन्फेक्शन बरं करतो, साहेबाच्या बायकोच्या डोक्यातली गाठ काढतो, मेलेला उंदीर जिवंत करतो. अन् स्वतः? स्वतः निर्दोष असून करंटच्या खुर्चीत बसून मरतो, वरून मीच थकलो, मला जाऊ द्या असंही म्हणतो, म्हणजे मारणाऱ्याच्या मनाला काही राहायला नको. म्हणजे सांगणारा काळा असो की गोरा, दोन्हीकडं काळ्या माणसाला ना घर आहे ना आगापिछा. तिकडचा काळा दिग्दर्शक स्पाइक ली, त्यानं 2001 साली अमेरिकेतल्या कॉलेजांत जाऊन या असल्या पात्रांवर सडकून टीका केली, तेव्हापासून तिकडं 'मॅजिकल नीग्रो', म्हणजे गोऱ्याच्या भल्यापुरता येणारा चमत्कारी काळा, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. तिकडं निदान त्यावर भांडण तरी होते.

मला जास्त बोलायचं आहे ते 'द हेल्प'बद्दल, 2011 चा. 1960 च्या आसपासचं मिसिसिपी, गोऱ्यांच्या घरी धुणंभांडं करणाऱ्या, त्यांची लेकरं वाढवणाऱ्या काळ्या बाया. पिक्चर सुरू होतो तो एबिलीन नावाच्या मोलकरणीच्या आवाजात, व्हायोला डेव्हिसनं ते काम असं केलं आहे की डोळ्यांत पाणी येते. म्हणजे आवाज दिला, अगदी पहिल्या मिनिटापासून दिला. तरी गोष्ट कोणाची झाली? बायांच्या कहाण्या गोळा करून पुस्तक करणाऱ्या गोऱ्या पोरीची. शेवटी ती पोरगी न्यूयॉर्कला नोकरीवर जाते अन् एबिलीन होती ती नोकरी पण गमावून रस्त्यानं पायी निघते. व्हायोला डेव्हिसनं स्वतः 2018 मध्ये सांगितलं की हे काम केल्याची तिला खंत वाटते, कारण शेवटी त्या मोलकरणींचा आवाज ऐकूच आला नाही. जिचा आवाज पूर्ण पिक्चरभर चालतो तीच हे म्हणते, याच्यावर थोडा वेळ थांबून विचार करा. व्हॉइस ओव्हर दिला की न्याय झाला असं तुम्हा लोकांना वाटते ना, त्याचं उत्तर तिनंच देऊन ठेवलं आहे. कॅमेरा कोणाच्या घरी मुक्कामाला आहे, कोणाच्या मनात काय चाललं ते आपल्याला दिसते, शेवटी कोणाचं काय झालं याची काळजी लेखकाला आहे की नाही, हे सगळं मिळून गोष्ट कोणाची ते ठरते.

आता आपल्या घरी येऊ. 'लगान' आमच्या पिढीनं पन्नास वेळा पाहिला, पावणेचार तासांचा पिक्चर अन् तोंडपाठ आहे. त्यातला कचरा आठवा. गावाच्या बाहेर राहणारा, वाकड्या हाताचा. बॉल त्याच्याकडं गडगडत जातो, तो घाबरत घाबरत फेकतो अन् बॉल वळतो, तेव्हा त्याची कला भुवनला दिसते, त्याला स्वतःला आपल्यात काही आहे याचा पत्ता नाही. गाव म्हणते हा शिवला तर आम्ही खेळणार नाही, मग भुवन भाषण देतो, गाव मानते, अन् ज्याच्यावरून एवढं सगळं झालं तो कोपऱ्यात उभा राहून ऐकतो. पुढं मॅचमध्ये हॅटट्रिक घेते कोण तर कचरा. पण त्या रात्री तो कुठं झोपला, घरी जाऊन बायकोले, मायले काय बोलला, मॅच जिंकल्यावर त्याला विहिरीवर पाणी भरू दिलं का, काही नाही. वरून अमिताभ बच्चनचा भारदस्त आवाज शेवटी आपल्याला सांगतो की भुवनचं नाव इतिहासात हरवून गेलं. भुवनचं. कचऱ्याचं नाव हरवलं याची हळहळ कोणालाच नाही.

अन् खरा माणूस होऊन गेला आहे हो! पळवणकर बाळू, 1876 चा जन्म, चांभार समाजातला डावखुरा स्पिनर. पुण्यातल्या इंग्रजांच्या पूना क्लबवर नोकरी करता करता इंग्रजांना नेटमध्ये तासन्‌तास बॉलिंग टाकून तयार झालेला, म्हणजे वर्षानुवर्षं घासून कमावलेली कला, वाकड्या हाताची देणगी नाही. त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या भांड्यात मिळायचा. 1911 मध्ये भारताची टीम इंग्लंडला गेली तेव्हा त्यानं शंभरावर विकेट काढल्या. तरी त्याला हिंदूंच्या टीमची कप्तानी कधी दिली नाही, ती पुढं 1923 मध्ये त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाली, तीपण भांडून. अन् हा बाळू 1937 च्या निवडणुकीत थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभा राहिला होता. पटो न पटो, पण केवढा भरलेला माणूस आहे पाहा, स्वतःचं मत असलेला, रुसणारा, लढणारा. यातला एक टक्का जरी कचऱ्याच्या वाट्याला आला असता तरी तो पिक्चर खराब झाला नसता, उलट वाढला असता.

'आर्टिकल 15' (2019) बनवणाऱ्यांची नियत चांगली होती यात मला शंका नाही, विषयाला हात घालायला हिंमत लागते. पण पोरी मेल्या दलितांच्या, अन् दोन तास आपण पाहतो काय तर बाहेरून आलेल्या ब्राह्मण पोलीस साहेबाला जातीचा शोध कसा लागला ते. ज्या बस्तीत हे घडते तिथल्या लोकांना जात काय असते ते कोणी साहेबानं शोधून सांगायची गरज नसते. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजीचं दलित हत्याकांड झालं, 29 सप्टेंबर 2006. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन, एका घरातले चार जीव गेले. वाचले ते भैयालाल भोतमांगे. कोणता साहेब धावून आला होता? सुरुवातीचे दिवस तर बातमी सुद्धा नीट आली नाही. रस्त्यावर उतरली ती साधी पोरं अन् बाया, नागपूर-अमरावती-यवतमाळकडची, लाठ्या खाल्ल्या, केसेस अंगावर घेतल्या. भैयालाल भाऊ 2017 मध्ये जाईपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले, तिथं अ‍ॅट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही तरी माणूस हटला नाही. सांगणारा होता, लढणाराही तोच होता. अशा माणसाच्या नजरेतून गोष्ट सांगायची सोडून तुम्हाला दरवेळी दिल्लीवरून कोणीतरी इस्त्रीच्या ड्रेसमधला काहून आणावा लागते?

तुम्ही म्हणाल 'जय भीम' या तमिळ पिक्चरमध्येही वकीलच हिरो आहे. आहे, अन् ते वकील चंद्रू खरे होते, केस 1993 ची खरी होती, मग तो हिरो असणं चूक कसं म्हणू? पण तिथं सेंगणी आहे. नवरा गमावलेली, पोटात लेकरू, अन् मोठा पोलीस अधिकारी पैसे घेऊन मिटवायला सांगतो तेव्हा ती जे उत्तर देते ते तिचं स्वतःचं आहे, वकिलानं पढवलेलं नाही. हा फरक लिहिणाऱ्याच्या हातात असते. बाहेरचा माणूस गोष्टीत नसावा असं माझं म्हणणंच नाही, असतो तो, आमच्याही आयुष्यात असतो. पण तो आला म्हणून आम्ही मुके होत नाही.

आदिवासींचं तर काय सांगू. कित्येक वर्षं तुमच्या पिक्चरमध्ये आदिवासी म्हणजे अंगाला काळा रंग, कमरेला पानं, हातात भाला, अन् हिरो-हिरोईनला खांबाला बांधून भोवती नाचणारी टोळी. आता पानं गेली अन् नक्षलवादी आले, बस एवढाच फरक. मधात एका वेबसिरीजची शूटिंग आमच्यापासून थोडं दूर गडचिरोलीच्या बाजूला झाली, नाव घेत नाही. गर्दीसाठी माणसं पाहिजे म्हणून माझ्या ओळखीची गोंड पोरं गेली, जीन्स-टीशर्ट घालून, केस सेट करून, एक तर बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथं गेल्याबरोबर त्यांचे शर्ट काढायला लावले अन् तोंडाला, छातीला काळं पोतलं, म्हणे तुम्ही आदिवासी वाटून नाही राहिले. एका म्हाताऱ्या आजीला म्हटलं, काहीपण बोला, तुमच्या भाषेत, रागात बोला. आजी गोंडीत बोलली. यंदा मोहाची फुलं कमी पडली, ऊन लय आहे, पोरांनो सावलीत बसा, असं बोलली ती, पोरांनीच मला नंतर सांगितलं. सिरीज आली तेव्हा आम्ही पाहिलं, आजीचा क्लोजअप आहे, डोळे मोठे, मागून ढोल वाजून राहिले, अन् खाली सबटायटलमध्ये फक्त एवढं की आदिवासी भाषेत ओरडत आहे. आजीनं पोरांची काळजी केली ती पडद्यावर धमकी झाली. पुढच्याच सीनमध्ये शहरातून आलेली पत्रकार बाई व्हॉइस ओव्हरमध्ये आपल्याला समजावून सांगते की या लोकांचं दुःख काय आहे. आजी समोर बसली आहे ना, तिला विचारा ना बाई!

याच गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. गोंडांचं छोटं गाव. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभा चर्चा करत राहते. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक, अन् कागद मिळाला तरी बांबू विकायला फॉरेस्टवाले वाहतुकीचे पासेस देत नव्हते तर त्याच्यासाठी पुन्हा भांडले, 2011 मध्ये केंद्राचा मंत्री गावात येऊन उभा राहिला तेव्हा ते सुटलं. यात कोर्टकचेरी, फॉरेस्टवाले, जंगल, रुसवेफुगवे, सगळा मसाला आहे. पण तुमच्या डोक्यात गडचिरोली म्हटलं की एकच डायलॉग येतो, बदली करून गडचिरोलीला पाठवीन. किती पिक्चरमध्ये, किती मालिकांमध्ये ऐकलं मी हे, गिनती नाही. आम्ही जिथं जन्मतो, लग्न करतो, मरतो, ती जागा तुमच्यासाठी शिक्षा आहे. इथली पोरगी हे ऐकत मोठी होते, विचार करा.

अन् वऱ्हाडी बोलीचं पण तेच. वऱ्हाडी बोलणारा माणूस पडद्यावर आला की समजायचं आता हसायचं आहे. वॉचमन, शिपाई, नाही तर भोळसट काका. आमच्या बोलीत प्रेम होत नाही का? आमच्या इकडं कोणी मरत नाही का, कोणी बुद्धीचं बोलत नाही का? शेतकऱ्याच्या आत्महत्येवर पिक्चर करायचा तेव्हा मात्र विदर्भ लागते, तेव्हा रडायला आम्ही अन् इतर वेळी हसवायला आम्ही. रंगाचीही तीच गत. काळ्या पोरीची गोष्ट सांगायची म्हणून मराठीत मालिका आली, हिंदीत पिक्चर आले, अन् त्यात गोऱ्या नटीला काळा रंग फासला. 'सुपर 30' मध्ये हृतिकलाही तसाच रंग लावला. खऱ्या काळ्यासावळ्या पोरी, चांगलं काम येणाऱ्या, आमच्या प्रत्येक गावात आहेत, पण त्यांची गोष्टही त्यांना करू द्यायची नाही म्हणजे हद्द झाली. आमची झाडीपट्टीची रंगभूमीही यात धुतल्या तांदळासारखी नाही हे सांगतो, इथंही पोस्टरवर मुंबईची गोरी हिरोईन मोठ्ठी छापतात अन् गावची गुणी पोरगी साईड रोलला. मला तेही तेवढंच खटकते.

होऊ शकते हे मात्र आम्हाला माहीत आहे, कारण नागराज मंजुळेंनी करून दाखवलं. 'फँड्री'त जब्या कोणाची वाट पाहत नाही, दगड उचलून सरळ पाहणाऱ्याच्या तोंडावर भिरकावतो. 'झुंड' तर आमच्या नागपूरचा, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे सरांच्या कामावरचा, अन् त्यात अमिताभ बच्चन आहे म्हटल्यावर मला भीती होती की परत तेच होईल, एक मोठा माणूस येईल अन् झोपडपट्टी सुधरवेल. पण त्यात एक सीन आहे, पोरं सरांच्या घरी जमतात अन् एकेक जण आपापली गोष्ट सांगतो, अन् एवढा मोठा स्टार तिथं काय करतो तर ऐकत बसतो. नागपुरी बोलीत, शिव्यांसकट, न लाजता. तो सीन पाहताना माझ्या बाजूला बसलेला पोरगा म्हणाला, भाऊ हा तर आपल्यासारखाच बोलून राहिला. त्याच्या आवाजात जे होतं ते तुम्ही ऐकलं असतं तर मला एवढं मोठं पत्र लिहावं लागलं नसतं.

काळ्यांचं दुःख अन् आपलं, हे मी आज जोडून नाही राहिलो. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. म्हणजे महाराष्ट्राला ही ओळख दीडशे वर्षांपासून आहे, अन् तुम्ही हॉलिवूडकडून घेतलं काय तर सांगणारा काळा नोकर अन् वाचवणारा गोरा साहेब.

तर माझं मागणं एवढंच आहे. दिवाळी झाली, धान निघाला की वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांचे बोर्ड लागतात, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत चालतो, कडाक्याच्या थंडीत बाया-माणसं घोंगडी-चादरी घेऊन हजारांनी बसतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. तुम्ही या. लोकेशन पाहायला नको, गर्दी भरायला नको, लेखक शोधायला या. इथं सात-आठ तासांचं नाटक लिहून बसवणारे लोक आहेत, त्यांना सीन कसा फिरवायचा ते शिकवावं लागणार नाही. राहायची-जेवायची सोय आम्ही करतो, त्याची काळजी करू नका. अन् इथून गोष्ट नेली, कोणाची माय, कोणाचा बाप, कोणाचं गाव नेलं, तर ज्याची गोष्ट आहे त्याचं नाव 'विशेष आभार'च्या बारीक अक्षरांत टाकू नका, लेखक म्हणून टाका, लेखकाचे जे पैसे असतात ते द्या, अन् शूटिंगच्या आधी पूर्ण स्क्रिप्ट त्याला वाचून दाखवा, त्यानं हे असं नाही म्हटलं तर बदला.

आपला,
झाडीपट्टीतला एक प्रेक्षक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर